झोऑक्साइड आणि टॅब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्मिनलमध्ये फोल्डर बदलण्यासाठी झोऑक्साइड वापरणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक टॅबबद्दलचे आहेत.

वाचण्याआधी एक सोय समजून घ्या. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टंकायची. `झेड` आणि `झेडआय` या आज्ञा एका आणि दोन अक्षरांच्या आहेत. व्हेरिएबलची नावं सगळी कॅपिटलमध्ये, बाकी सगळं स्मॉल.

१. झोऑक्साइड नक्की काय करतं? `सीडी` असताना हे कशाला?

तुम्ही ज्या फोल्डरमध्ये जाता त्यांची नोंद ते ठेवतं. पुढच्या वेळी पूर्ण पाथ न लिहिता नावाचा तुकडा दिला की पुरतं. `झेड नकाशे` म्हटलं की `~/काम/२०२४/पाणलोट/नकाशे` मध्ये पोचता. रस्ट भाषेत लिहिलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर २०२० पासून आहे. ऑटोजंप किंवा जुनी `झेड` स्क्रिप्ट वापरली असेल तर कल्पना ओळखीची वाटेल. त्यांच्या नोंदी `झोऑक्साइड इम्पोर्ट` ने आणता येतात.

एकाच नावाचे चार फोल्डर असले की टॅब लागतो. `झेड` स्वतःच्या अंदाजाने त्यातला एक निवडतं. टॅब तुम्हाला निवडू देतो.

२. टॅब दाबल्यावर मला नक्की काय दिसायला हवं?

अर्ध्याहून जास्त तक्रारींचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर. इथे टॅब दोन वेगळी कामं करतो आणि ती ठरतात शेवटी स्पेस आहे की नाही यावर.

`झेड नका` लिहून लगेच टॅब दाबलात, तर तो नेहमीच्या `सीडी` सारखा वागतो. चालू फोल्डरच्या आत ‘नका’ने सुरू होणारे फोल्डर शोधतो. तुमच्या जुन्या भेटींशी त्याचा काही संबंध नाही.

`झेड नका` लिहून स्पेस दिलात आणि मग टॅब दाबलात, तर एफझेडएफची (यादीतून शोधून निवडू देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमची) पेटी उघडते. तिच्यात तुम्ही पूर्वी गेलेल्या, ‘नका’ जुळणाऱ्या सगळ्या फोल्डरांची यादी असते. त्यातला एक निवडून एंटर दाबायचं. नव्या आवृत्त्यांत निवडताक्षणी तिथे जाता.

तीन बारकावे आहेत. नुसतं `झेड`, स्पेस, टॅब केलंत तर पेटी उघडत नाही, चालू फोल्डरमधलेच फोल्डर दिसतात. पेटीसाठी निदान एक शब्द हवा. दोन शब्द लिहून दुसऱ्याला चिकटून टॅब दाबलात तर काहीच होत नाही, आणि ते मुद्दामच तसं आहे. तिसरं, बॅश या शेलमध्ये (शेल म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) कर्सर ओळीच्या मध्ये असेल तर पेटी उघडणार नाही.

हा स्पेसचा नियम पहिल्यांदा विचित्रच वाटतो. पण एकाच कळीवर दोन्ही सोयी ठेवायच्या तर दुसरा बरा मार्ग सुचवणं अवघड आहे.

३. यासाठी काय काय इन्स्टॉल हवं?

झोऑक्साइड ०.८ किंवा पुढचं; स्पेस-टॅब त्याआधी नव्हतं. एफझेडएफ, कारण पेटी त्याची आहे. ताज्या झोऑक्साइडला तो ०.५१ किंवा पुढचा लागतो. आणि शेल यांपैकी एक: बॅश ४.४ वा पुढचं, झेडएसएच किंवा फिश.

गोची होते ती लिनक्सच्या पॅकेजांमुळे. उबुंटू २४.०४ च्या भांडारातला एफझेडएफ ०.४४ मालिकेतला आहे. २२.०४ मधलं झोऑक्साइड तर स्पेस-टॅबच्याही आधीचं आहे. `एपीटी` ने दोन्ही आणून ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच असतात. `झोऑक्साइड --व्हर्जन` आणि `एफझेडएफ --व्हर्जन` आधी बघा. जुनं निघालं तर प्रकल्पाच्या पानावरची इन्स्टॉल स्क्रिप्ट वापरा. मॅकवर होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकाने आणलेलं दोन्ही ताजं असतं.

४. बॅशमध्ये कुठली ओळ कुठे टाकायची?

`~/.बॅशआरसी` च्या अगदी शेवटी ही ओळ:

`इव्हॅल "$(झोऑक्साइड इनिट बॅश)"`

टॅबसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. हीच ओळ `झेड`, `झेडआय` (टॅबशिवाय तीच पेटी उघडणारी आज्ञा) आणि टॅब तिन्ही बसवते. मग नवीन टर्मिनल उघडा.

‘अगदी शेवटी’ का? नोंद ठेवण्यासाठी झोऑक्साइड प्रॉम्प्टच्या व्हेरिएबलला स्वतःचं काम जोडतं. त्याखाली दुसऱ्या कुणी तेच व्हेरिएबल नव्याने भरलं तर ही जोड पुसली जाते. मग टॅब उघडतो, यादीही दिसते, पण कालपासून भेट दिलेले फोल्डर तिच्यात येतच नाहीत. ‘यादी शिळी आहे’ ही तक्रार आली की आम्ही आधी ओळींचा क्रम विचारतो.

५. झेडएसएचमध्ये `झेड` चालतं, पण टॅब चालत नाही. असं का?

कॉम्पइनिट. जवळजवळ दर वेळी तेच.

झेडएसएचची टॅबची सगळी यंत्रणा `कॉम्पइनिट` चालवल्यावर उभी राहते. `कॉम्पडेफ` नावाची आज्ञाही तेव्हाच जन्माला येते. झोऑक्साइडची ओळ चालताना ते बघतं, की `कॉम्पडेफ` आहे का. असेल तर टॅब जोडतं. नसेल तर गप्प बसतं. एररसुद्धा देत नाही. म्हणून `झेड` व्यवस्थित आणि टॅब मुका, अशी स्थिती होते.

`~/.झेडएसएचआरसी` मध्ये क्रम असा हवा:

`ऑटोलोड -यूझेड कॉम्पइनिट`
`कॉम्पइनिट`
आणि फाइलच्या शेवटी `इव्हॅल "$(झोऑक्साइड इनिट झेडएसएच)"`

(पहिल्या ओळीतल्या पर्यायात यू कॅपिटल आहे, झेड स्मॉल.) ओ-माय-झेडएसएच (झेडएसएचची तयार मांडणी) वापरत असाल तर `कॉम्पइनिट` वेगळं लिहू नका. त्याची `सोर्स` ओळ ते चालवते. झोऑक्साइड त्या ओळीच्या खाली असलं की झालं.

क्रम बरोबर असूनही हालचाल नसेल तर घरच्या फोल्डरमधल्या `.झेडकॉम्पडंप` ने सुरू होणाऱ्या फाइली उडवा आणि नवीन टर्मिनल उघडा. त्या फक्त टॅबचा साठा असतात, पुन्हा आपोआप बनतात.

६. फिशमध्ये?

`~/.कॉन्फिग/फिश/कॉन्फिग.फिश` च्या शेवटी `झोऑक्साइड इनिट फिश | सोर्स`. बाकी काही नाही. फिशवाल्यांचे प्रश्न फारसे येतच नाहीत.

७. सगळं नीट बसवलंय, तरी स्पेस-टॅब दाबून काहीच होत नाही. तपासायला कुठून सुरुवात करू?

आधी `झेडआय` लिहून एंटर दाबा. पेटी उघडली नाही तर दोष टॅबचा नाही. एफझेडएफ नाही, जुना आहे किंवा पाथमध्ये (शेल जिथे आज्ञा शोधतं त्या फोल्डरांत) नाही. प्रश्न ३ कडे जा.

पेटी उघडली तर `टाइप झेड` द्या. उत्तरात ते फंक्शन असल्याचं दिसायला हवं. अलायस (दुसऱ्या आज्ञेचं टोपणनाव) निघालं तर कुठल्या तरी प्लगइनने किंवा तुमच्याच जुन्या ओळीने ते नाव बळकावलंय. ओ-माय-झेडएसएचमध्ये ‘झेड’ नावाचं वेगळं प्लगइन आहे. ते आणि झोऑक्साइड दोन्ही एकत्र ठेवू नका.

फंक्शन आहे, पण टॅब नाही? बॅशमध्ये `कम्प्लीट -पी झेड` द्या. काही ओळ छापली तर जोड झालेली आहे. नाही म्हटलं तर चालू बॅश जुनं असण्याची शक्यता मोठी. ते `इको $बॅश_व्हर्जन` ने बघा. `बॅश --व्हर्जन` वर विसंबू नका, कारण ते पाथमधलं पहिलं बॅश सांगतं. तुम्ही ज्याच्या आत बसलाय ते वेगळं असू शकतं. झेडएसएच असेल तर थेट प्रश्न ५.

आणि एक अगदी साधी शक्यता: यादीतच जुळणारं काही नाही. आज सकाळी बसवलेल्या झोऑक्साइडला तुमचे फोल्डर माहीत नसतात. `झोऑक्साइड क्वेरी -एल` ने काय नोंदलंय ते दिसतं. दोन-चार दिवस नेहमीसारखे फिरा, यादी भरते.

८. मॅकवर बॅश वापरतो. ओळ बरोबर आहे, टॅब नाही.

मॅकबरोबर येणारं बॅश ३.२ आहे. पुढच्या आवृत्त्यांचा परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपलने तिथेच थांबणं पसंत केलं. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचं मूळ शेलच झेडएसएच आहे. त्या ३.२ वर स्पेस-टॅब कधीच चालणार नाही. होमब्रूने नवीन बॅश आणा, किंवा सरळ झेडएसएचकडे जा.

शिवाय मॅकचं टर्मिनल लॉगिन शेल उघडतं. म्हणजे बॅश `.बॅशआरसी` न वाचता `.बॅश_प्रोफाइल` वाचतं. दुसरीत पहिलीला `सोर्स` करणारी ओळ नसेल तर तुमची सगळी मेहनत न वाचलेल्या फाइलीत पडून राहते.

९. `झेड` वापरलं की ‘कॉन्फिगरेशनमध्ये गडबड असावी’ अशा अर्थाचा इशारा येतो. दुर्लक्ष करू का?

नको. झोऑक्साइडची ओळ फाइलच्या शेवटी नाही, किंवा तिची जोड कुणीतरी पुसली, असा त्याचा अर्थ (प्रश्न ४). ओळ खाली न्या. क्रम खरोखर बरोबर असूनही येत राहिला, तरच `_झेडओ_डॉक्टर=०` ठेवून तो बंद करा. आधी बंद करून मग शोधत बसणारे पुन्हा प्रश्न ७ वर येतात.

१०. `झोऑक्साइड` लिहून टॅब दाबला तर `ॲड`, `क्वेरी`, `रिमूव्ह` दिसायला हवेत ना?

हवेत, पण तो वेगळा टॅब आहे. `झेड` चा टॅब इनिटची ओळ बसवते. खुद्द `झोऑक्साइड` आज्ञेच्या उपआज्ञांचा टॅब वेगळ्या फाइलींतून येतो. पॅकेजने आणलं असेल तर त्या फाइली बहुधा जागेवर पडलेल्या असतात. झेडएसएचमध्ये तो फोल्डर `एफपाथ` मध्ये हवा, आणि तोही `कॉम्पइनिट` च्या आधी. म्हणजे प्रश्न ५ च्या बरोबर उलट क्रम. रोजच्या वापरात या टॅबवाचून फारसं अडत नाही.

११. `झेड` नको, `सीडी` च हवं. किंवा `जे`. टॅब टिकेल का?

टिकेल, पण नाव इनिटलाच सांगा: `झोऑक्साइड इनिट बॅश --सीएमडी सीडी`. मग `सीडी` आणि `सीडीआय` अशी जोडी मिळते. `--सीएमडी जे` दिलंत तर `जे` आणि `जेआय`. टॅबही नव्या नावाला आपोआप जोडला जातो.

अलायस करू नका. `अलायस जे=झेड` केलंत तर बॅशमध्ये आज्ञा चालते, पण टॅब मूळ नावालाच चिकटून राहतो. झेडएसएच अलायस उलगडून टॅब देतो, फक्त `कम्प्लीट_अलायसेस` हा पर्याय चालू नसेल तर. एवढ्या अटी लक्षात ठेवण्यापेक्षा `--सीएमडी` बरं.

`सीडी` च बदलावं का? एकट्याच्या लॅपटॉपवर खुशाल. दहा जण वापरतात त्या सर्व्हरच्या सामायिक खात्यावर नको. `सीडी` भलतीकडे का नेतंय, हे बाकीच्यांना कळणार नाही.

१२. `झेडआय` दिलं की प्लगइनची मदत छापून येते!

तुम्ही झिनिट हा झेडएसएचचा प्लगइन-व्यवस्थापक वापरता. त्याने `झेडआय` हे अलायस स्वतःसाठी घेतलंय. `--सीएमडी` ने दुसरं नाव घ्या (प्रश्न ११).

१३. पेटीतला क्रम कसा ठरतो? रोजचा फोल्डर खाली आणि कधीतरीचा वर का?

प्रत्येक फोल्डरला गुण असतात. पहिल्या भेटीला एक, पुढच्या दर भेटीला आणखी एक. `सीडी` ने गेलात तरी भेट मोजली जाते. शोधताना शेवटची भेट कधीची ते बघून गुण फिरवले जातात: तासाभरातली असेल तर चौपट, दिवसभरातली दुप्पट, आठवड्यातली निम्मे, त्याहून जुनी असेल तर पाव. म्हणजे १२ गुणांचा, पण आत्ताच उघडलेला फोल्डर ४८ वर जातो आणि महिनाभर न पाहिलेला ८० गुणांचा २० वर येतो.

सगळ्यांची बेरीज १०,००० च्या वर गेली की सर्वांचे गुण प्रमाणात कमी होतात आणि एकाच्या खाली गेलेले फोल्डर यादीतून गळतात. ही मर्यादा `_झेडओ_मॅक्सएज` ने बदलता येते. बदलायची वेळ क्वचित येते. चालू गुण बघायला `झोऑक्साइड क्वेरी -एल -एस`.

क्रमापेक्षा जास्त गोंधळ जुळवणीचा होतो. शेवटचा शब्द पाथच्या शेवटच्या फोल्डरच्या नावात असावा लागतो. `झेड पाणलोट` आणि स्पेस-टॅब केलंत, तर `~/काम/पाणलोट/नकाशे` यादीत येणार नाही. तो हवा असेल तर `झेड पाणलोट नकाशे`. शब्दांचा क्रम पाथमधल्या क्रमासारखाच ठेवा.

१४. नको ते फोल्डर यादीत येतात. कसे काढू?

एकदाच काढायचा असेल तर `झोऑक्साइड रिमूव्ह` आणि पुढे पाथ. पुढेही नोंदला जाऊ नये म्हणून `_झेडओ_एक्सक्लूड_डर्स` मध्ये त्याचा नमुना लिहा, आणि ही ओळ इनिटच्या आधी ठेवा. अनेक नमुने असतील तर लिनक्स-मॅकवर मध्ये `:` आणि विंडोजवर `;`.

एक खोच आहे. हे व्हेरिएबल न लिहिताही घरचा फोल्डर वगळलेला असतो. तुम्ही स्वतःची यादी लिहिली की ती मूळ यादीची जागा घेते आणि `$होम` नोंदला जाऊ लागतो. म्हणून स्वतःच्या यादीत `$होम` सुद्धा लिहा.

१५. पेन ड्राइव्ह काढला की त्यातले फोल्डर कायमचे जातात का?

नाही. जागेवर नसलेला फोल्डर यादीत दाखवला जात नाही, पण नोंद लगेच पुसलीही जात नाही. साधारण तीन महिने तिकडे फिरकला नसाल तरच ती जाते. ड्राइव्ह परत लावला की फोल्डर परत दिसतात.

१६. माझ्या फोल्डरांची नावं मराठीत आहेत. काही चालतात, काही समोर दिसूनही सापडत नाहीत.

झोऑक्साइड देवनागरी नावं नोंदतं आणि शोधतंही. घोळ होतो तो एकच अक्षर अनेक प्रकारे साठवलं जातं म्हणून. मराठीत हे जरा जास्तच होतं.

‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून असतो (०९३१). तोच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. तिसरा प्रकार म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच. फोल्डर एका कीबोर्डने बनवलात आणि `झेड` पुढे दुसऱ्याने लिहिलंत, तर झोऑक्साइडच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं. ते चिन्हं जशी आहेत तशीच ताडून पाहतं. बॅशचा साधा टॅबही तसंच करतो. मॅकवर तर कोडं वाढतं. तिथली फाइल प्रणाली पहिले दोन प्रकार एकच मानते, त्यामुळे `सीडी` जातं आणि `झेड` नाही म्हणतं.

‘ॲ’ त्याहून वाईट. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीपासून ‘अ’ आणि चंद्र जोडून लिहायची सवय आहे. हे दोन प्रकार युनिकोडही समान मानत नाही, म्हणून कुठलीच प्रणाली ते जुळवून घेणार नाही. ‘ॲप’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले तर भुताटकी नाही, हेच आहे.

कुठला प्रकार आहे ते `एलएस | एक्सएक्सडी` ने कळतं. एकचिन्ही ऱ असेल तर बाइट्समध्ये `ई० ए४ बी१` दिसेल. `ई० ए४ बी०` आणि लगेच `ई० ए४ बीसी` दिसलं तर र आणि नुक्ता. कायमचा उपाय म्हणजे सगळी नावं एकाच कीबोर्डने पुन्हा देणं. तात्पुरता उपाय गमतीचा आहे: नावाचा कुठलाही तुकडा चालत असल्यामुळे गडबडीचं अक्षर टाळून लिहा. `झेड हाड` ने कऱ्हाडला पोचता येतं. आकड्यांचंही तेच, देवनागरी २०२४ आणि रोमन आकड्यांतलं तेच वर्ष जुळत नाही.

पेटीत जोडाक्षरं तुटून दिसत असतील किंवा ओळी सरकत असतील, तर तो टर्मिनलचा दोष. दुसरं टर्मिनल वापरून बघा. नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दूरच्या सर्व्हरची भाषा-मांडणी यूटीएफ-८ नाही.

१७. विंडोजवर पॉवरशेलमध्ये स्पेस-टॅब का नाही?

तिथे ती सोय नाही. फक्त प्रश्न ३ मधल्या तीन शेलांत आहे. पॉवरशेलमध्ये `झेडआय` आणि शब्द दिलात की तीच पेटी उघडते. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर एफझेडएफ आणि झोऑक्साइड दोन्ही लिनक्सच्या आत इन्स्टॉल करा. विंडोजच्या बाजूची नोंद वेगळी असते.

१८. पेटी लहान करायची होती. `_झेडओ_एफझेडएफ_ऑप्ट्स` लिहिलं आणि टॅबने खाली सरकणंच बंद झालं.

झोऑक्साइड पेटीला स्वतःचे पर्याय देतं: उंची ४५ टक्के, टॅबने खाली, शिफ्ट-टॅबने वर, नावांची अचूक जुळणी, वगैरे. तुम्ही हे व्हेरिएबल भरलं की ते सगळे जातात आणि फक्त तुमचे उरतात. उंची बदलायची असेल तर बाकीचेही स्वतः लिहा. सरकण्यासाठी हवं ते `--बाइंड=टॅब:डाउन,बीटॅब:अप`; क्रमाचं गणित टिकवायला `--नो-सॉर्ट` विसरू नका, नाहीतर प्रश्न १३ मधले गुण वाया जातात.

१९. टर्मिनलमध्ये चालतं, पण इमॅक्स या संपादकाच्या आतल्या शेलमध्ये नाही.

तिथे `$टर्म` ची किंमत बहुधा `डम्ब` असते. झोऑक्साइड ते पाहून बॅशमध्ये टॅब जोडतच नाही, कारण अशा ठिकाणी पेटी काढता येत नाही. ओळ-संपादन बंद असलेल्या बॅशमध्येही तसंच. व्हीआय मोड मात्र चालतो. इमॅक्समध्येच राहायचं असेल तर तिथलं खरं टर्मिनल उघडणारा मोड घ्या, नाहीतर `झेड` ला पुरेसे शब्द द्या म्हणजे निवडायची वेळ येणार नाही.